धातूंची भस्मे : भट्टीतली आणि तपासणीतली

(विहाराच्या वर्धापनदिनी सायंकाळच्या सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्यातले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)



समितीने मला विषय दिला होता 'आरोग्य'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. बोईसरच्या एका कापड-प्रक्रियेच्या गिरणीत कलर किचनमध्ये, म्हणजे जिथे रंग कालवतात त्या खात्यात, माझी अठ्ठावीस वर्षे गेली. रंग, कॉस्टिक, ॲसिड यांच्याशी रोजचा संबंध, आणि रात्रपाळी संपली की वाचनाचा नाद. त्यातून जे कळले त्यातला एकच तुकडा आज तुमच्यापुढे ठेवतो. आयुर्वेदात धातूंची औषधे असतात, ज्यांना आपण भस्म म्हणतो, ती कशी तयार होतात आणि ती चांगली की वाईट हे कसे तपासतात, एवढाच.

हा विषय का, तर डहाणू स्टेशनबाहेर, चारोटी नाक्यावर, तलासरीच्या बाजारात, चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत कुणीतरी चटई टाकून बसलेला असतो. त्याच्यापुढे मुळ्या असतात, शिलाजीत म्हणून काळे खडे असतात, आणि बाजूला कागदाच्या पुड्या. सांधेदुखी, साखर, अशक्तपणा, मूल न होणे, सगळ्याला पुडी. आपल्या घरांतून ती घेतली जाते. पुडीत काय आहे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "भस्म आहे दादा, आयुर्वेदिक आहे, अपाय नाही." यातले पहिले वाक्य खरे असेल तर तिसरे खरे असेलच असे नाही, हे मला आज सांगायचे आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. आमच्या दुपारच्या सुट्टीतल्या चर्चेत एक जण नेहमी म्हणायचा की वारली भगताचे औषध आणि हे भस्म एकच, सगळे जंगलचेच. तसे नाही. मी पाहिलेल्या भगतांच्या झोळीत साली, मुळ्या, पाने असतात. धातू जाळून औषध करणे ही वेगळी विद्या आहे, तिचे नाव रसशास्त्र. रस म्हणजे इथे पारा. आणि या विद्येचा आपल्याशी एक धागा जुळतो, कारण तिचा आद्य पुरुष म्हणून नागार्जुनाचे नाव घेतले जाते. आपले काही वक्ते व्यासपीठावरून सांगतात की शून्यवाद मांडणारे थोर बौद्ध आचार्य नागार्जुन तेच हे. पण शून्यवादाचे नागार्जुन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. अल्बेरुनी नावाचा प्रवासी पंडित, त्याने इ.स. १०३० च्या सुमारास लिहून ठेवले आहे की रसविद्येचा नागार्जुन आपल्या आधी शंभरेक वर्षे होऊन गेला आणि तो सोमनाथजवळच्या दैहक किल्ल्याचा राहणारा. म्हणजे आपल्या शेजारच्या गुजरातचा! मधे सात-आठशे वर्षांचे अंतर. तेव्हा नाव एक, माणसे निराळी, असे समजणे बरे. आपल्या माणसाचा मोठेपणा वाढवायला खोट्या टेकूची गरज नसते.

विनयपिटकात औषधांचा एक अख्खा विभाग आहे. त्यात भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे सांगितली आहेत. पुढे मुळ्या, पाने, फळे, मीठ येते. डोळ्यांसाठी अंजन येते, त्यात गेरूसुद्धा आहे. पण जाळलेले धातू पोटात घेण्याचा प्रकार त्यात आढळत नाही. जीवकाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर गुरूने त्याला पाठवले, की एक योजनाच्या परिसरात औषधी नसलेली वनस्पती शोधून आण. तो हात हलवत परत आला. त्या परीक्षेत वनस्पतीच होत्या. धातूंची औषधे भरभराटीला आली ती नंतरच्या शतकांत.

आता भट्टीकडे येऊ. इथे मला बोलायला आवडते, कारण हे कामगाराचे काम आहे.

लोखंड घ्या किंवा तांबे. त्याचे पातळ पत्रे करायचे, लालबुंद तापवायचे आणि तिळाच्या तेलात बुडवायचे. असे सात वेळा. मग तसेच सात वेळा ताकात, सात वेळा गोमूत्रात, सात वेळा कांजीत, सात वेळा कुळथाच्या काढ्यात. पस्तीस बुडव्या झाल्या. याला शोधन म्हणतात. पोथीवाले म्हणतात की धातूचा दोष गेला. लोहाराला विचाराल तर तो दुसरे सांगेल. तापवून एकदम थंड केले की धातूला चिरा पडतात, वरचे पापुद्रे सुटतात, पत्रा ठिसूळ होतो. पस्तीस वेळा झाल्यावर तो खलात फुटायला लागतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील, पण खलात बत्ता मारणाऱ्याला लोहाराचे म्हणणे जास्त पटते.

कथील, शिसे आणि जस्त यांचा प्रकार वेगळा. ते लवकर वितळतात. त्यांना कढईत वितळवून त्यात वनस्पतीची पूड टाकत टाकत घोटतात, तोवर की धातूची पातळ धार राहत नाही, भुकटी होते.

मग मारण. शुद्ध केलेली भुकटी, बरोबर काही वेळा पारा-गंधक, काही वेळा नुसता वनस्पतीचा रस. हे खलात तासन् तास घोटायचे. त्याच्या चकत्या करायच्या, वाळवायच्या, दोन मातीच्या परळांत तोंडाला तोंड लावून बंद करायच्या, सांध्यावर चिखलाने भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या फिरवायच्या. खड्ड्यात खाली गोवऱ्या, मधे हे संपुट, वर गोवऱ्या. पेटवायचे आणि आपोआप थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. मोठ्या खड्ड्याला गजपुट म्हणतात. अलीकडे अशा खड्ड्यांत तापमापक ठेवून पाहिले आहे, उष्णता नऊशे-हजार अंशांपर्यंत जाते. नुसत्या शेणाच्या गोवऱ्यांनी! आमच्या गिरणीच्या बॉयलरवर बसणाऱ्याला हे सांगितले तेव्हा तो हसला, पण मग गप्प झाला.

असे एक पुट. पुरते भस्म व्हायला कधी दहा पुटे, कधी तीस, कधी त्याहून जास्त. अभ्रक हा धातू नव्हे, खनिज आहे, पण त्याचे सहस्रपुटी भस्म प्रसिद्ध आहे. हिशोब करा. घोटणे, वाळवणे, भट्टी, थंड होणे, एका पुटाला दोन दिवस धरले तरी हजार पुटांना दोन हजार दिवस, म्हणजे साडेपाच वर्षे. आता जत्रेत पन्नास रुपयांत सहस्रपुटीची पुडी मिळते, तिला कोणी पाच वर्षे घोटली असेल?

पाऱ्याचे काम सगळ्यात कौशल्याचे. पारा आणि गंधक एकत्र घोटले की चकाकणारा पारा नाहीसा होऊन काजळासारखी काळी पूड होते, ती कज्जली. ती कापडमातीचे सात थर दिलेल्या काचेच्या बाटलीत भरून वाळूच्या भांड्यात मंद, मग मध्यम, मग तीव्र आचेवर ठेवतात. बाटलीच्या गळ्याशी लाल रंगाचा थर जमतो. तो रससिंदूर. काळी कज्जली आणि लाल रससिंदूर, रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही पारा आणि गंधक यांचेच संयुग, फक्त रचना निराळी. रंगखात्यात काम केलेल्या माणसाला याचे नवल वाटत नाही. मकरध्वजात सोनेही घालतात, पण बरेचसे सोने बाटलीच्या तळाशीच राहते आणि गळ्याशी जमते ते पारा-गंधकच.

हे सगळे कोणाच्या हातांनी झाले याचा विचार कोणी करत नाही. पंडूरोगावर, म्हणजे रक्त कमी असण्यावर, मंडूर भस्म देतात. मंडूर म्हणजे लोखंड गाळताना निघालेला जुना मळ. तो गाळणारे कोण? तांब्याचे पत्रे ठोकणारे कोण? गोवऱ्या थापणाऱ्या बाया कोण? पोथी लिहिणाऱ्याचे नाव राहिले, खलाशी बसणाऱ्याचे नाही. बंगालचे आचार्य प्रफुल्लचंद्र राय हे मोठे रसायनशास्त्रज्ञ. पाऱ्याच्या एका संयुगावरच्या कामाने त्यांचे नाव १८९६ मध्ये झाले. त्यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला, पहिला १९०२ मध्ये, दुसरा १९०९ मध्ये. या विद्येचे त्यांना प्रेम होते. तरी त्यांनी स्वच्छ लिहिले की जातिव्यवस्थेने हाताचे काम खालच्यांवर टाकले, डोके चालवणारा हातापासून तुटला, आणि म्हणून या देशातली प्रयोगाची वृत्ती आटली. एका शास्त्रज्ञाने भट्टीच्या बाजूने पाहून हे सांगितले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातीवर घाव घातला त्याच्या चौतीस वर्षे आधीची ही गोष्ट.

आणि भट्टीचा धूर कोण खातो? पाऱ्याची आणि शिशाची वाफ फुफ्फुसात जाते. १९४८ च्या कारखाना कायद्यात शिशाची व पाऱ्याची विषबाधा सरकारला कळवण्याच्या रोगांत घातली गेली, ती उगाच नाही.

आता तपासणी. जुन्या लोकांनी परीक्षा सांगितल्या आहेत आणि त्या खरोखर हुशारीच्या आहेत. इथे टेबलावर मी मंडूर भस्माची एक सीलबंद डबी, पाण्याचा तांब्या आणि थोडे सामान आणले आहे.

भस्म अंगठा आणि तर्जनीत चोळले तर बोटाच्या रेघांत शिरले पाहिजे. ते रेखापूर्ण. स्थिर पाण्यावर टाकले तर तरंगले पाहिजे. ते वारितर. उन्हात धरले तर धातूची चमक दिसता कामा नये. ते निश्चंद्र. चौथी परीक्षा मला फार आवडते. गूळ, गुंज, तूप, मध आणि टाकणखार यांच्याबरोबर भस्म पुन्हा तापवायचे. त्यातून परत धातूचा मणी निघाला तर भस्म कच्चे. म्हणजे पहा, गूळ-तूप जळून कोळसा होतो आणि कोळसा भस्मातला प्राणवायू ओढून घेतो. लोखंड गाळण्याच्या भट्टीत हेच होते.

तांब्याच्या भस्माला दह्याची परीक्षा आहे. दह्यावर टाकून ठेवायचे, दही हिरवे-निळे झाले तर फेकून द्या. ही तर आपल्या आयांना पाठच आहे. कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात आमटी ठेवली की कळकते ना? तेच. आंबट पदार्थ तांब्याला खातो. कल्हईवाला नवसागर टाकून कथलाचा हात फिरवायचा तो त्यासाठी.

पण आता नीट ऐका. हे पाहा, मी तांब्यात मंडूर भस्म चिमूटभर टाकले, तरंगले. आता दुसऱ्या तांब्यात तोंडाला लावायची पावडर टाकतो. तीही तरंगली. ती पावडर म्हणजे दगडाची पूड. कोळशाची बारीक पूडही तरंगेल. तरंगणे म्हणजे पूड बारीक आहे, एवढेच सिद्ध झाले. जुन्या परीक्षा सांगतात की पूड बारीक झाली का आणि धातू मूळ रूपात उरला का. ती पोटात गेल्यावर काय करील हे त्या सांगत नाहीत. त्या काळात तेवढेच शक्य होते, त्याचा दोष त्यांना नाही. दोष आजच्या त्या माणसाचा, जो तांब्यात पुडी तरंगवून दाखवतो आणि म्हणतो, पाहा, शुद्ध आहे.

आजच्या प्रयोगशाळेत दोन निराळे प्रश्न विचारतात. पहिला, धातू किती आहे? पूड ॲसिडात विरघळवतात, तिचा फवारा ज्योतीत सोडतात आणि त्यातून ठरावीक प्रकाश पाठवतात. शिसे शिशाचाच प्रकाश शोषते, पारा पाऱ्याचाच. किती प्रकाश गिळला यावरून प्रमाण कळते. ॲलन वॉल्श या शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात ही रीत पुढे आणली. आमच्या गिरणीत कापडाची शेड जुळवायला जे यंत्र असते, त्याचेच हे लांबचे भावंड. दुसरा प्रश्न, धातू कोणत्या रूपात आहे? त्यासाठी क्ष-किरण पुडीवर सोडून ते कसे वळतात ते पाहतात. अशा तपासणीत दिसले आहे की यशद भस्म म्हणजे मुख्यतः जस्ताचे ऑक्साईड, लोह भस्म म्हणजे लोखंडाची ऑक्साईडे, वंग भस्म म्हणजे कथलाचे ऑक्साईड. सुवर्ण भस्मात मात्र सोने सोनेच राहते, फक्त अतिशय बारीक कणांत.

किती आणि कोणत्या रूपात, हे दोन्ही कळल्याशिवाय बोलू नये. केवळ पारा आहे म्हणून विष, असे ओरडणेही बरोबर नाही. मोकळा पारा, त्याची वाफ आणि गंधकाशी घट्ट बांधलेला पारा यांत फरक आहे. पण बांधलेला म्हणजे अगदी निरुपद्रवी, असेही कोणी सांगू नये.

शिशाबद्दल मी जास्त कडक आहे. साधे गणित मांडतो. वनस्पतींच्या औषधात शिसे दहा लाख भागांत दहा भागांपेक्षा जास्त नको, अशी मर्यादा आयुर्वेदिक औषधिकोशातच आहे. पाऱ्याला एक भाग, अर्सेनिकला तीन, कॅडमियमला तर एकाहून कमी, ०.३. आता नागभस्म घ्या. नाग म्हणजे शिसे. ते शिसे-गंधकाचे संयुग धरले तर शंभरात साडेशहाऐंशी भाग शिसेच. एक गुंज, म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम भस्मात १०८ मिलिग्रॅम शिसे. मर्यादेतल्या वनस्पती-औषधाच्या तेवढ्याच पुडीत सव्वा मायक्रोग्रॅम. फरक शहाऐंशी हजार पटींचा! ते सगळे अंगी लागत नाही, बरेचसे बाहेर पडते, हे मान्य. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूवर तर अगदी थोडेही परिणाम करते. मग भस्म कच्चे असेल तर?

आमच्या खात्यातला एक जोडीदार साखरेवर पुडी घेत होता. नाव सांगत नाही. चार महिन्यांनी पोटात मुरडा सुरू झाला, असा की जमिनीवर लोळायचा. शौचाला होईना, चेहरा पांढराफटक. अपेंडिक्स म्हणून एका ठिकाणी ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. मुंबईच्या एका तरुण डॉक्टरणीने त्याच्या हिरड्यांवरची निळसर-काळी रेघ पाहिली आणि विचारले, "काका, काही पुडी-बिडी घेता का?" रक्तातले शिसे तपासले तेव्हा उलगडा झाला. पुडी बंद झाली, उपचार झाले, माणूस कामावर आला. पण तोवर तीन महिन्यांचा पगार गेला, आणि पुडीवाल्याचा पत्ता काही लागला नाही. त्याच्या पुडीवर नाव नव्हतेच.

ही एकट्याची गोष्ट नाही. अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांतून ७० आयुर्वेदिक औषधे विकत घेऊन तपासली, त्याचा निष्कर्ष २००४ मध्ये छापून आला. १४ औषधांत शिसे, पारा किंवा अर्सेनिक. २००८ मध्ये त्याच शास्त्रज्ञांनी आणखी १९३ औषधांची तपासणी छापली, त्यांत पाचातल्या एकात धातू सापडला. रसौषधी होत्या त्यांत शंभरी चाळीस, हे समजू शकते. पण ज्या रसौषधी नव्हत्या त्यांतही शंभरी सतरा! या ओरड्यानंतर आपल्या सरकारने १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनस्पती-औषधांची धातूंसाठी तपासणी सक्तीची केली. साहेबाच्या पोटाची काळजी आधी, आपले पोट मागून.

आता लोखंडाकडे, कारण तो आपल्या घरातला प्रश्न आहे. आपल्या भागात बाया-पोरींचे रक्त कमी असते. मंडूर आणि लोह भस्म हे या सगळ्यांत मला कमी धोक्याचे वाटते आणि चांगले वैद्य ते जपून वापरतात. पनवेलला तर १८७२ पासून आयुर्वेदिक औषधांचा कारखाना चालू आहे. सरकारी दवाखान्यातली गरोदर बाईची लाल गोळी म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, फुकट. तीही लोखंडच. मग वाद कशाचा? वाद हा की रक्त कमी का आहे ते आधी पाहिले पाहिजे. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी बांधवांत सिकलसेल आहे. विदर्भात तो आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आढळतो, आणि आपली किती कुटुंबे तिकडची सोयरिक करतात! सिकलसेलमध्ये रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकून लवकर मोडतात. तिथे सहसा लोखंड कमी पडलेले नसते. ज्याला वारंवार रक्त चढवावे लागते त्याच्या अंगात उलट लोह साठते. त्याला लोखंडाची पुडी किंवा टॉनिक देणे म्हणजे आगीत तेल. सिकलसेलची पहिली चाचणी रक्ताच्या एका थेंबाची आहे. १ जुलै २०२३ पासून केंद्राची मोहीम सुरू झाली आहे, तीत तपासणी फुकट होते. डहाणू आणि तलासरीच्या सरकारी रुग्णालयांत जा आणि मागून घ्या. लग्न ठरवताना पत्रिका पाहण्याऐवजी हे कार्ड पाहा, असे मी माझ्या पुतण्याच्या वेळी दोन्ही घरांना सांगितले. थोडी कुरबुर झाली, पण पाहिले.

औषध घेताना काय पाहायचे ते सांगतो. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक औषधे १९४० च्या औषध कायद्यात आणली गेली. त्यामुळे डबीवर करणाऱ्याचे नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, घटकांची यादी असलीच पाहिजे. यादीत पारद, हिंगूळ, हरताळ, मनःशिळा असले काही असेल तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या, अशी सूचना हिंदी-इंग्रजीत छापावी लागते. हरताळ आणि मनःशिळा ही अर्सेनिकची खनिजे, हिंगूळ पाऱ्याचे. ज्या मावशींना वाचता येत नाही त्यांनी डबी घेऊन अभ्यासिकेत यावे, तिथली मुले वाचून दाखवतील. डबी नसेल, नुसती पुडी असेल, तर वाचण्यासारखे काही नसतेच. ज्यांनी अशा पुड्या घेतल्या आहेत त्यांनी त्या फेकू नयेत, डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवाव्यात. पोटशूळ, अंग पांढरे पडणे, मनगट लुळे पडणे असे काही असेल तर पुडी घेतल्याचे लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून आपण सांगत नाही आणि ते भलतेच ऑपरेशन काढतात.

चांगल्या वैद्यांशी माझे भांडण नाही. जो लायसन्सचे भस्म देतो, मोजून देतो, रक्त तपासून थांबवतो, त्याच्याकडे जरूर जा. गरोदर बाई आणि लहान मूल यांना मात्र शिसे, पारा, अर्सेनिकचे काही देऊ नका, कोणीही सांगितले तरी.

मंडूरचा एक मूळ खडाही मी आणला आहे, भस्म होण्याआधीचा. दिसायला भट्टीतल्या खंगरासारखा, हातात घेतला की वजन कळते. शाळेतल्या मुलांनी पुढे येऊन आधी तो पाहा, मग डबीतली पूड बोटावर चोळून रेघांत शिरते का बघा. नंतर हात धुवा, नळ मागच्या बाजूला आहे.